हौदाला सांगितलेली नावे

सोमवार, २१ एप्रिल २०२५. दुपारी पावणेचार.

खिडकीत बसून बरण्यांवर चिकटवायच्या पट्ट्या कापत होतो. कात्री बाजूला ठेवून ही वही उघडली. नव्या नोकरीचा पहिला दिवस लिहून ठेवावा असे वाटले.

सकाळी हातखंब्याहून एसटीने आलो. रुपालीताईने चहाची टपरी बंद ठेवून मला गाडीत बसवले. सानिका आठ वर्षांची आहे, तरी हट्टाने ताईच्या कडेवर बसली आणि खिडकीतून हात घालून माझ्या खिशात चॉकलेट टाकले. तिला ते खायला बंदी. म्हणाली, मामा, तू खा आणि कसं लागलं ते फोनवर सांग. मी खाल्ले आणि सांगितले. बराच वेळ सांगितले.

घर मिऱ्याच्या बाजूला आहे. चिऱ्याचे, कौलारू, मागे हापूसची पाच-सहा कलमे, आणि वारा फिरला की समुद्र ऐकू येतो. मालक आत्माराम सर. पूर्वी शाळेत विज्ञान शिकवत. आता शाळा-कॉलेजांसाठी तक्ते आणि बरण्यांतले अवयव तयार करून देतात. मला अक्षरासाठी घेतले आहे. बारावी विज्ञान मी अर्ध्यावर सोडली, पण ऱ्हस्वदीर्घ चुकत नाही, याचा मला अभिमान आहे.

मुलाखत मजेची झाली. सरांनी गुणपत्रिका बघितलीच नाही. तोंड उघडायला लावले, जिभेखाली बॅटरी मारली आणि म्हणाले, "चिंच." माझ्या तोंडाला एवढे पाणी सुटले की ओठांतून ओघळले. "पास," म्हणाले. दोघेही हसलो. सरांचे हसणे मात्र अर्ध्यावर थांबले, कारण त्यांचे ओठ एकमेकांना चिकटतात. ते सारखे पाण्याचे घोट घेतात आणि जेवणात फक्त पेज पितात.

राहणे फुकट, पगार अकरा हजार. सहा हजार आगाऊ लगेच दिले. ते ताईला पाठवले. सानिकाला दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचावे लागते आणि भावजींचे पैसे मुंबईहून येतात तेव्हा येतात. आता महिन्याची काळजी मिटली. आज मला छान झोप लागेल.

मंगळवार, २२ एप्रिल

नव्या जागी स्वतः रांधलेले पहिले जेवण जेवण्याआधी वाडी ठेवायची, ही आमच्या गावची रीत. पानावर दहीभात घ्यायचा, आवारातल्या राखणदाराच्या जागी ठेवायचा आणि गाऱ्हाणे घालायचे. मागच्या पडवीत चिऱ्याचा एक हौद आहे, फळीने झाकलेला. तिथे गारवा होता आणि कठड्यावर शेंदरासारखा तांबडा डाग होता. मला वाटले, हीच जागा. बारा वाजता वाडी ठेवली. आजोबा म्हणायचे तसेच म्हटले: बा राखणदारा, मी सर्वेश, ही माझी भाची सानिका, ही माझी ताई रुपाली. आजपासून तुझ्या आवारात माझे अन्न आहे. आमच्यात जे उणे असेल ते तू भरून काढ, आम्ही तुझा घास चुकवणार नाही.

दुपारी सरांनी फळी उचलली आणि मी शरमेने लाल झालो. आत राखणदार वगैरे काही नाही. मिठाच्या पाण्यात बकऱ्यांची स्वादुपिंडे आहेत, खाटकाकडून आणलेली. कठड्यावरचा डाग त्यांच्या रक्ताचा. पान मी उचलले. भात त्यावर नव्हता. कावळ्याने नेला असेल. सरांना काही सांगितले नाही.

कामात मात्र मन लागले. लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. अनुकर्ण कानापुढे, गालात. अधोहनु जबड्याखाली. अधोजिव्हा जिभेखाली. सरांनी सांगितले, वरच्या दाढेसमोर गालाला जीभ लावून बघ, बारीक उंचवटा लागेल, ते अनुकर्णाच्या नळीचे तोंड. लागला. बावीस वर्षे माझ्याच तोंडात होता आणि मला पत्ता नव्हता.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे असते. डोके आतड्याच्या वळणात, शेपूट प्लीहेकडे. सर म्हणतात, दोघांची घडण एकच: द्राक्षांचा घोस. मण्यात रस तयार होतो, देठातून वाहतो. फक्त स्वादुपिंडात घोसांच्या मध्ये बेटे असतात. त्यांना नळी नसते, त्यांचा रस थेट रक्तात जातो. तोच इन्सुलिन. सानिकाची बेटे बुडाली आहेत, असे माझ्या मनात आले.

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली. घोसातला रस झोपलेला असतो. आतड्यात उतरल्यावर जागा होतो आणि मांस विरघळवतो. ग्रंथीतच जागा झाला तर ग्रंथी स्वतःलाच खाते. हौदातला रस बाटल्यांत भरून शाळांना जातो. आम्ही एका बाटलीत उकडलेल्या अंड्याचा पांढरा तुकडा टाकला. संध्याकाळपर्यंत तो कडेने झिजून काचेसारखा झाला.

गुरुवार, २४ एप्रिल

आजपासून एक विचित्र काम. दुपारी बारा वाजता भाताचा घास चावायचा, गिळायचा नाही. वाटीत टाकायचा. त्यातल्या चिमूटभरात आयोडीन टाकले की निळा रंग येतो आणि लाळेने स्टार्चची साखर केली की तो उडतो. शाळेतला साधा प्रयोग. बाकीचा घास हौदात टाकायचा.

हौदात कशाला, असे विचारले. सर म्हणाले, शरीरातही वरच्याने चावून पाठवल्याशिवाय खालचा नीट काम करत नाही. घास मिळायला लागल्यापासून हौद आपला आपण रस देतो, खाटकाकडे क्वचितच जावे लागते. इतकी वर्षे ते स्वतःच घास देत होते. आता त्यांच्या तोंडात थेंब उरलेला नाही.

जिथे वाडी ठेवली तिथेच उष्टे टाकताना बरे वाटले नाही. पण काम ते काम.

रविवार, २७ एप्रिल

मासे घेऊन आवडाबाई येते. राजिवड्याची, साठीची, तोंडाने फटकळ. मला म्हणाली, "काय रं बाबू, म्हाताऱ्याकडं काय खातंस? पेज? अरे मेल्या, माणूस हायस की वासरू?" आणि दोन बांगडे उधारीवर ठेवून गेली. ती पडवीपर्यंत येत नाही. टोपली पुढच्या दारातच उतरवते.

बांगडा तळला. वासाने तोंडाला पाणी सुटले. त्याच वेळी पडवीत पाणी हलल्याचा आवाज झाला, कुणी चूळ भरावी तसा. बेडूक असेल.

शुक्रवार, २ मे

ताईचा फोन. आनंदाने रडत होती. चार दिवस सानिकाची साखर एकदम ताब्यात आहे. डॉक्टरांनी दोन वेळा तपासून इन्सुलिन निम्मे केले. हा म्हणे माझ्या नोकरीचा पायगुण. मीही रडलो.

मग सहज म्हणाली, पोरीला लाळ फार सुटते हल्ली. फ्रॉकचा गळा भिजतो. कधी, असे मी विचारले. दुपारी, म्हणाली. बाराच्या सुमारास.

मंगळवार, ६ मे

सरांबरोबर बँकेत गेलो. त्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. बोटांच्या टोकांवर रेषाच नाहीत, धुतलेल्या बशीसारखी गुळगुळीत. बँकेतल्या बाईंनी तीनदा प्रयत्न केला. एवढ्या वर्षांचं काम आहे, असे सर ओशाळून म्हणाले.

परत आल्यावर हौद साफ करायची पाळी माझी होती. गाळण्याने तुकडे हलवायला गेलो. तुकडे सुटे नाहीत. सगळे एकमेकांत वाढून एकच लांब गुलाबी घोस झाला आहे, डोके कोपऱ्यात, शेपूट दुसऱ्या टोकाला. मध्ये जाड नळी, आणि तिचे तोंड पाण्याबाहेर, फळीला लागेल असे. मी वाकलो. माझ्या तोंडाला पाणी सुटले. नळीच्या तोंडाशीही एक थेंब आला.

फळीची खालची बाजू चाटल्यासारखी गुळगुळीत झाली आहे.

शनिवार, १० मे

ठरवले, हे बंद करायचे. सर गावात गेले होते. दहाच्या सुमारास मिठाची अख्खी गोणी हौदात ओतली. घोस आकसला. पांढरा पडला. मला इतके बरे वाटले की अंगणात जाऊन एक कैरी पाडली.

अकराला ताईचा फोन. सानिकाला उलट्या. साखर यंत्रावर मावत नव्हती, यंत्र आकड्याऐवजी नुसतेच "हाय" दाखवत होते. रिक्षाने दवाखान्यात नेले.

मी धावत हौदापाशी परत गेलो. बादल्यांनी खारे पाणी उपसले, विहिरीचे गोडे भरले. घास चावून टाकला. दुसरा टाकला. घोस हळूहळू गुलाबी झाला.

साडेबाराला ताई म्हणाली, उतरतेय. डॉक्टरच चकित झालेत.

सोमवार, १२ मे

तोंड सुकू लागले आहे. आज घास ओला व्हायला फार वेळ लागला. आयोडीनचा निळा रंग गेलाच नाही, नुसता फिका पडला.

सरांना सगळे सांगितले. वाडी, गाऱ्हाणे, मीठ. नावांपाशी आल्यावर त्यांच्या हातातला पेला कलंडला.

"नावं? नावं घेतलीस तू?"

घेतली, म्हटले. माझे, मग सानिकाचे, मग ताईचे.

सर म्हणाले, मी त्याला माझेही नाव कधी सांगितले नाही. त्याने फक्त माझे तोंड घेतले आणि बोटे. तू त्याला घरात घेतलेस. उणे भरून काढ म्हणालास, ते त्याने काढले. घास चुकवणार नाही म्हणालास, तो त्याला पाहिजे. तुझे आटले की पुढच्या नावाकडे जाईल.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला घेऊन ये. लहान तोंड आहे. खूप वर्षं पुरेल."

मी त्यांच्या अंगावर हात टाकणार होतो. पण ते रडत होते आणि डोळ्यांतही पाणी नव्हते.

मंगळवार, १३ मे

पळालो. पिशवी घेऊन एसटीत बसलो. कुवारबावच्या पुढे गाडी गेली आणि बारा वाजले. कोरड्या तोंडात अचानक एवढी लाळ आली की रुमाल भिजला, शर्ट भिजला. शेजारच्या बाईने तोंड फिरवले.

ताईला फोन लावला. म्हणाली, बघ ना रे, सानिका भात चावते आणि बशीत टाकते. विचारलं तर म्हणते, हा बाहेर टाकायचा असतो. कुणी शिकवलं तर म्हणते, ठाऊक नाही.

पुढच्या थांब्याला उतरलो. परत आलो. एक वाजता घास टाकला. ताईने सांगितले, त्यानंतर पोरीने नीट गिळले.

फोन माझ्या अंगठ्याने उघडत नाही. आकडे टाकावे लागतात.

बुधवार, १४ मे

चिंच, लिंबू, आमसूल, कैरी. दिवसभर चघळतो. दात आंबले. लाळ नाही. जिभेखाली बोट लावले तर कागदासारखे लागते. दाढेसमोरचा उंचवटा लागत नाही. तिथे सपाट आहे.

ताई रविवारी येणार आहे. सानिकाला घेऊन. सरांच्या पाया पडायला! येऊ नको म्हटले. हसली. म्हणाली, मोठा झालास, बहिणीची लाज वाटते काय. मी ओरडलो. ती आणखीच हसली. बस अकराला पोहोचते, म्हणाली.

आवडाबाईने दारातच माझ्या चेहऱ्यावरून काय ते ओळखले. तिला सांगितले. टोपलीवर हात ठेवून ऐकले.

"अरे मेल्या, राखणदाराला नावं सांगतात. कुणालाबी नाय सांगत."

काही उपाय, असे विचारले. म्हणाली, ज्यानं गाऱ्हाणं घातलं त्यानंच मागं घ्यायचं. त्याच जागी, त्याच वक्ताला, स्वच्छ वाडी ठेवून. आधी माणसांचं देणंघेणं फेडायचं, उधारी डोक्यावर ठेवून घातलेलं गाऱ्हाणं पोचत नाय. टोपली डोक्यावर घेतली, दोन पावले गेली आणि परत वळली.

"आणि बाबू. नाव मागं घेतलंस की त्याची जागा रिकामी ऱ्हाते. ती कशानं भरायची ता तुजं तू बघ."

गुरुवार, १५ मे

आज घास कोरडाच पडला. पिठासारखा. घोसाने घेतला नाही. वर तरंगत राहिला.

नळीचे तोंड दाराकडे वळले आहे. हातखंबा त्याच बाजूला—

शुक्रवार, १६ मे

सानिका फोनवर होती. म्हणाली मामा, मला रोज हौद दिसतो. मी तिला हौदाबद्दल कधी—

म्हणाली तिथे गारवा आहे. मला बोलावतात. नावाने.

तिला म्हटले, जाऊ नकोस. म्हणाली, चालत नाही जायचं मामा. नुसतं तोंड उघडायचं.

सर खोलीतून बाहेर येत नाहीत. दार आतून बंद.

उद्या. रविवारच्या आधी—

शनिवार, १७ मे. पडवीत, हौदाच्या कठड्यावर. बाराला थोडा वेळ आहे.

दहीभात केला. चाखला नाही. पान ठेवले. फळी काढली आहे.

ताई, ही वही आवडाबाई तुला देईल. तिला एक वाजता यायला सांगितले आहे. तू इकडे येऊ नकोस. सानिकाचे इन्सुलिन पुन्हा पूर्वीएवढे लागेल. डॉक्टरांना आजच विचार. माझा राग कर, पण डोस चुकवू नकोस. तिची बेटे परत मिळणार नाहीत. मी मिळवायला निघालो होतो, तसे काही नसते.

जागा कशाने भरायची ते कळले आहे. वरचे माझ्याकडे संपले. खालचे अजून आहे. जठराच्या मागे, आडवे. तेही द्राक्षाच्या घोसासारखेच.

डावा हात पाण्यात आहे. पाणी कोमट आहे. दुखत नाही. नखे सुटतायत पण दुखत नाही—

हिशेब.

खर्च: सानिकासाठी इन्सुलिनच्या दोन कुप्या, एक हजार दोनशे चाळीस. आवडाबाईकडे मातीच्या मडक्यात गार ठेवल्या आहेत. चिंच, लिंबे, आमसूल, पंच्याऐंशी. मीठ, दोनशे दहा. एसटी जाऊन येऊन, चाळीस. आजचे दही, वीस.

येणे: सरांकडे पगाराचे तीन हजार नऊशे. दाराच्या फटीतून चिठ्ठी टाकली, आतून नोटा आल्या. मोजल्या. ओलसर आहेत पण पुऱ्या आहेत. वहीत ठेवल्या. तुझ्या.

देणे: आवडाबाईचे बांगड्याचे दीडशे, सकाळी दिले. नको म्हणत होती. वाण्याचे तीस, दिले. माणसांचे कुणाचे काही नाही.

बारा वाजले. म्हणतो आता. बा, मी सर्वेश. मी एकटा. दुसरे नाव मी घेतलेच—

हाताला धरले आहे. ओढत नाही. थांबले आहे, ऐकते आहे

हौदाचे देणे: माझ्या नावावर, सगळे.

रुपालीच्या नावावर, काही नाही.

सानिकाच्या नावावर, काही ना